समाजकार्यासाठी शेकडो किलोमीटर धावताय? आधी हे वाचा

नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरहून लातूरकडे ज्योत घेऊन धावणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. नांदेड जिल्ह्यातल्या गावांकडे माहूरहून तशीच ज्योत येते. अनेक जण अनवाणी असतात, काहींचा उपवास असतो. पण धावणारे आळीपाळीने बदलतात, मागे टेम्पो असतो, त्यामुळे बहुतेक जण सुखरूप घरी पोचतात. एखाद्या आजारी मुलासाठी, शाळेसाठी किंवा कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी जमवायला एकट्याने रोज चाळीस-पन्नास किलोमीटर धावायचं, ही गोष्ट वेगळी आहे. असा बेत घेऊन येणारे तरुण माझ्याकडे बहुतेक वेळा एवढंच मागतात: "डॉक्टर, फक्त फिटनेस सर्टिफिकेट द्या." ते लिहायला दोन मिनिटं लागतात. हा लेख त्या दोन मिनिटांत न मावणाऱ्या गोष्टींबद्दल आहे.

हे जमतं का?

जमतं. मिलिंद सोमण यांनी २०१२ मध्ये पर्यावरणाच्या मोहिमेसाठी दिल्ली ते मुंबई हे १५०० किलोमीटर अंतर ३० दिवसांत धावून पार केलं. म्हणजे रोज सरासरी ५० किलोमीटर, आणि तेही वयाच्या ४६ व्या वर्षी. पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते आणि त्याआधी कित्येक वर्षं नियमित धावत होते. आपण व्हिडिओत शेवटचा महिना पाहतो, आधीची वर्षं दिसत नाहीत.

दुसरं उदाहरण कॅनडाच्या टेरी फॉक्सचं. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० मध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला तो कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावायला निघाला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर झाल्यावर खोकला आणि छातीतल्या दुखण्याने त्याला थांबावं लागलं. कर्करोग फुप्फुसात पसरला होता. पुढच्या वर्षी, २२ व्या वर्षीच तो गेला. आधी थांबला असता तर वाचला असता, असं कुणी म्हणू शकत नाही. पण वाटेत चक्कर येत होती, गुडघा सुजत होता, कापलेल्या पायावर गाठी आल्या होत्या, आणि नियमित तपासणीला तो नकार देत होता. डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतःसाठी धावणारा माणूस दुखलं की थांबतो. दुसऱ्यासाठी धावणाऱ्याला थांबण्याची लाज वाटते. देणगीदार वाट पाहत असतात, पुढच्या गावात हार-तुरे तयार असतात.

म्हणून तारखा जाहीर करतानाच दर पाच-सहा दिवसांमागे एक राखीव दिवस ठेवा. आणि थांबवायचा अधिकार सोबतच्या एका माणसाला आधीच देऊन टाका. तो घरचा असला तर उत्तम. कार्यक्रमाचा आयोजक नको.

ऊन

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर हे अंतर साधारण १४० किलोमीटर आहे. डिसेंबर-जानेवारीत ते तयारीच्या माणसाला तीन दिवसांत झेपेल. मे महिन्यात, पारा ४२ च्या पुढे असताना, मी कुणालाच परवानगी देणार नाही.

धावताना होणारा उष्माघात शेतात किंवा घरात होणाऱ्या उष्माघातापेक्षा थोडा वेगळा असतो. अंग कोरडं पडेलच असं नाही, घामाने भिजलेल्या माणसालाही तो होतो. काखेतला थर्मामीटर फसवा आकडा दाखवतो. खरी खूण म्हणजे वागण्यातला बदल: असंबद्ध बोलणं, चिडचिड, तोल जाणं, दिशा न कळणं. असं दिसलं की १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. माणसाला सावलीत घ्या, ताडपत्रीची चार टोकं उचलून धरून तिचं टब करा, त्याला त्यात ठेवून थंड पाणी ओता, जवळच्या दुकानातून बर्फ आणा. डोकं मात्र पाण्याच्या वर धरून ठेवा. शेतातली मोटार सुरू असेल तर तिच्या धारेखाली ठेवा. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

पाणी कमी, आणि पाणी जास्त

पाणी कमी पडू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. भरमसाट साधं पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घसरतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. डोकेदुखी, मळमळ, उलटी, बोटं आणि चेहरा सुजणं, मग गोंधळ आणि झटके. अशा माणसाला "पाणी पी, पाणी पी" म्हणणारे नातेवाईक नकळत त्याला आणखी धोक्यात घालतात. उपाय सोपा आहे. तहान लागेल तसं प्या. सकाळी निघताना आणि संध्याकाळी थांबल्यावर वजन करा. संध्याकाळचं वजन थोडं कमी असावं. ते वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. ग्लासात चिमूटभर टाकण्याची आपल्याकडची सवय चुकीची आहे.

खाण्याचा हिशोब: ६० किलोच्या माणसाला ४० किलोमीटरसाठी रोजच्या जेवणावर सुमारे २४०० कॅलरी जास्त लागतात. अर्धापूरची केळी, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि भरपूर वरण-भात यांत ते बसतं. महागडी पावडर लागत नाही. अशा धावेत उपवास मात्र नको.

लघवीचा रंग

दिवस संपल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालयात जा. क्रिएटिनिन आणि सीपीके तपासून घ्या. याच वेळी मेडिकलमधून स्वतःच घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मूत्रपिंडाला आणखी इजा करते. दुखणं दाबून दुसऱ्या दिवशी धावायला या गोळ्या घेऊ नका. "एका गोळीने काय होतंय" हे वाक्य मी डायलिसिसची वेळ आलेल्याच्या तोंडूनही ऐकलं आहे.

नडगीवर किंवा पावलावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येतो, म्हणून निश्चिंत होऊ नका. सरावाच्या काळात मुलींची पाळी थांबली, तर ती तंदुरुस्तीची खूण नाही. खाणं कमी पडतंय आणि हाडं ठिसूळ होताहेत.

कुणी आधी तपासणी करावी

खरं तर सगळ्यांनीच. पण धावताना छातीत दुखलेलं किंवा चक्कर येऊन पडलेलं असेल, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर हृदयतपासणीशिवाय निघू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर धावून झाल्यावर, रात्री झोपेतही उतरू शकते. डोस आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर अनवाणी धावणं पूर्णपणे वर्ज्य. ताप असताना एक किलोमीटरही धावू नका, तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

सराव किमान सहा महिने. आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. शेवटच्या दोन महिन्यांत लागोपाठ दोन-तीन दिवस लांब धावून पाहा, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. महामार्गावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने धावा. उसाचे ट्रॅक्टर रात्री बिनदिव्याचे असतात. अंधारात धावू नका.