पदवीच्या बाहेर राहिलेली मराठी

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची घडण लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर झाली होती. त्यामुळे आरंभीची अनेक दशके ते स्वतः अध्यापन करीत नसे. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम असे, तर प्रत्यक्ष शिकवणे संलग्न, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षांसाठी मान्यता मिळालेल्या, महाविद्यालयांकडे असे. या व्यवस्थेतील कला शाखा आजच्यापेक्षा बरीच व्यापक होती. भाषांबरोबर इतिहास, तर्कशास्त्र आणि गणितही तिच्यात येत असे, कारण विद्यार्थ्याला एखाद्या धंद्यात तरबेज करण्यापेक्षा त्याच्या विचारशक्तीला शिस्त लावणे हा तिचा हेतू मानला जाई. १८६२ मध्ये या शाखेचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

लोकसंवादाचे शिक्षण, म्हणजे मिळवलेले ज्ञान अपरिचित वाचकापर्यंत पोहोचवण्याची विद्या, या अभ्यासक्रमात कोठेही नव्हते. ती विद्या महाविद्यालयांच्या आसपास, छापखान्यांत वाढत होती आणि तिची सुरुवात तर विद्यापीठाच्याही आधीची होती. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या प्रत्येक पानावर दोन स्तंभ होते, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा. मराठी स्तंभात लिहिणाऱ्याला राज्यकारभार, विज्ञान आणि परदेशांतील घडामोडी यांसाठी शब्द शोधावे लागत, वाक्य लांबवावे किंवा तोडावे लागे, आणि शेजारीच इंग्रजी मजकूर असल्याने अर्थ निसटला तर तो लगेच उघडा पडे. मराठी गद्याला एवढी कठोर तालीम देणारा वर्ग त्या काळच्या कोणत्याही महाविद्यालयात नव्हता. १८६२ मध्ये निघालेल्या ‘इंदुप्रकाश’नेही हीच द्विभाषिक पद्धत ठेवली, त्याच्या मराठी बाजूची जबाबदारी विष्णुशास्त्री पंडितांकडे आणि इंग्रजी बाजूची नुकत्याच पदवीधर झालेल्या रानड्यांकडे होती.

नेमक्या याच दशकात विद्यापीठ उलट दिशेने गेले. प्रवेश परीक्षेच्या पुढील अभ्यासक्रमातून देशी भाषांना बाजूला सारून त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात, म्हणजे प्राचीन आणि स्थिर वाङ्मयपरंपरा असलेल्या, भाषा आणण्यात आल्या. त्या काळात कुलगुरुपद भूषवणारे सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक होते, आणि प्रगल्भ साहित्याशिवाय बुद्धीचे संस्करण होत नाही हा युक्तिवाद त्या वातावरणात सहज पटण्यासारखा होता. तरीही तो निर्णय चुकीचाच म्हणावा लागेल. भाषेत प्रगल्भ ग्रंथ नाहीत म्हणून ती शिकवायची नाही, आणि ती शिकवली जात नाही म्हणून तिच्यात ग्रंथ लिहिणारे तयार होत नाहीत, असे दुष्टचक्र त्यातून निर्माण झाले. ते भेदले ते विद्यापीठाने नव्हे, तर त्याच्याच पदवीधरांनी.

डेक्कन कॉलेजचे पदवीधर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, आणि पदवी परीक्षेत अवगत केलेली तर्कपद्धती व खंडनमंडनाची शैली मराठी मासिकाच्या पानांत उतरली. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, तेव्हा त्याच्या संपादकपदी बसलेले गोपाळ गणेश आगरकर एम.ए. झालेले होते. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या या संपादकाने १८८८ मध्ये, म्हणजे ‘सुधारक’ काढला त्याच वर्षी, मराठी वाक्याच्या रचनेवर ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाक्याचे घटक सुटे करून त्यांचे परस्परसंबंध तपासणे हे व्याकरणाचे काम असले, तरी ज्याला बालविवाह किंवा केशवपन यांसारख्या प्रश्नांवर वाचकाचे मन वळवायचे होते त्याच्या दृष्टीने तेच लेखनाचे मूळ हत्यार होते. आगरकरांच्या गद्यातील कार्यकारणाची साखळी जी कधी तुटत नाही, तिचे मूळ या दुहेरी सरावात शोधणे योग्य ठरते.

विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे यासाठी रानड्यांनी अखेरपर्यंत नेट धरला. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे १८९८ चे टिपण या मागणीचा भक्कम आधार होते, कारण मराठीत अभ्यासण्यासारखे काही नाही हा जुना आक्षेप त्यात छापील ग्रंथांच्या पुराव्याने खोडला होता. १९०१ मध्ये, ज्या वर्षाच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले त्याच वर्षी, मराठीला एम.ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. त्यापुढचे मोठे पाऊल धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापून टाकले, कारण तेथे मराठी ही केवळ एक विषय न राहता उच्च शिक्षणाचे माध्यम झाली.

वृत्तपत्रविद्येला मात्र आणखी थांबावे लागले. १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात या विषयाचे अध्यापन सुरू झाले, आणि पुणे विद्यापीठात त्याचा विभाग १९६४ मध्ये निघाला. पुण्याच्या या विभागाचे वर्ग पुढे फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत भरू लागले, आणि बातमी लिहिणे, संपादन, मुद्रण यांचा पद्धतशीर अभ्यास तेथे होऊ लागला. पण अशा स्वतंत्र विभागांमुळे तर्कशास्त्र व इतिहास शिकणारा विद्यार्थी आणि लोकांसाठी लिहायला शिकणारा विद्यार्थी वेगवेगळ्या वर्गांत बसू लागले; आगरकरांच्या पिढीत ही दोन्ही कामे एकच माणूस करीत असे.