प्लँचेटच्या मागावर चर्च

होस्टेलच्या खोलीत दिवे मालवून उलट्या वाटीवर बोटं टेकणाऱ्या मराठी पोरापोरींना प्लँचेट नवं नाही. आई-वडील रागावतात, आजी घाबरते, वाटी फिरायची तशी फिरते. या खेळाचं कूळ शोधत मागे गेलं की वाटेत जागोजागी पाद्री भेटतात. गंमत अशी की त्यांचं आपसात कधीच एकमत नव्हतं.

सुरुवात अमेरिकेतली. ३१ मार्च १८४८ला न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी मॅगी आणि केट फॉक्स या बहिणींनी घरातल्या टकटकीला प्रश्न विचारले आणि टकटकीनं उत्तरं दिली. (चाळीस वर्षांनी मॅगीनं भरल्या सभागृहात सांगून टाकलं की तो आवाज आमच्या पायांच्या बोटांचा. पुढच्या वर्षी तिनं ही कबुली मागेही घेतली. मानणाऱ्यांना दोन्ही वेळा काही फरक पडला नाही.) टकटक मोजत एकेक अक्षर जुळवणं फार वेळखाऊ. मग टेबलं हलू लागली आणि १८५३च्या सुमारास फ्रान्समध्ये चाकांवर फिरणारी, पेन्सिल खोचलेली लहानशी फळी आली. तीच प्लँचेट.

इंग्लंडात त्या वर्षी टेबलांची साथ होती. चांगल्या घरांतली मंडळी टेबलाभोवती हात टेकून बसत आणि टेबल गिरकी घेई. लीड्सकडचे पाद्री एन. एस. गॉडफ्री यांनी खुद्द टेबलाचीच उलटतपासणी घेतली आणि ही सैतानाची करणी आहे, असं पुस्तिका काढून जाहीर केलं. बाथचे गिल्सन यांनीही तोच सूर लावला. त्याच वर्षी चेल्टनहॅमचे पाद्री फ्रान्सिस क्लोज यांनी दोघांचा समाचार घेतला: टेबल फिरण्यात सैतान-बैतान काही नाही. हे क्लोज मवाळ गृहस्थ नव्हेत. घोड्यांच्या शर्यती आणि नाटकं यांच्यावर तुटून पडणारे कडवे इव्हँजेलिकल. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन.

मला मात्र त्या वर्षातलं सगळ्यात ख्रिस्ती उत्तर एका शास्त्रज्ञाचं वाटतं. मायकेल फॅरडे सँडेमेनियन नावाच्या चिमुकल्या, काटेकोर पंथाचे निष्ठावान सभासद होते. त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे मऊ चिकट गोळ्यांनी एकावर एक बसवले, चळत टेबलावर ठेवली आणि हात वरच्या पुठ्ठ्यावर टेकायला सांगितलं. टेबल आपोआप सरकत असेल तर खालचा पुठ्ठा आधी हलायला हवा. हलला वरचा. म्हणजे जोर हातांचा. पुढे त्यांनी हात किंचित सरकला तरी दाखवणारा काटा बसवला. तो समोर दिसत असला की टेबल मुळीच हलेना. फॅरडेंनी बसणाऱ्यांना लबाड म्हटलं नाही. आपण ढकलतोय हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. फॅरडेंचा राग होता तो असल्या गोष्टींवर सहज विश्वास ठेवू देणाऱ्या शिक्षणावर, आणि तो त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून काढला.

पुढे धंदा आला. १८९१ साली बाल्टिमोरच्या एका गृहस्थाला अक्षरं छापलेल्या पाटाचं पेटंट मिळालं. हाच उइजा बोर्ड. तो खेळण्यांच्या दुकानात गेला.

पहिल्या महायुद्धानं या खेळण्याला रडणाऱ्यांच्या घरात नेलं. भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५ साली आघाडीवर मारला गेला. पुढच्याच वर्षी, मृतात्म्यांशी बोलणं घडवतो म्हणणाऱ्या माध्यमांच्या बैठकांत त्याच्याशी बोलणं झाल्याचं सांगणारं लॉज यांचं पुस्तक आलं आणि धडाक्यानं खपलं. रोमनं १९१७ साली कॅथलिकांना अशा बैठकांना जायची, नुसतं बघायला जायचीही, मनाई केली. पण कॅथलिक आईला निदान मुलासाठी मिस्सा सांगता येत होती. इंग्लंडच्या चर्चमध्ये मृतांसाठीची उघड प्रार्थना १५५२च्या प्रार्थनाग्रंथातूनच गळली होती. पोरगा फ्लँडर्सच्या चिखलात गेला आणि देवाजवळ त्याचं नाव घ्यायला अधिकृत शब्द नाहीत! अशी बाई माध्यमाचं दार ठोठावणार नाही तर काय करील? बायबलमधला शौल राजासुद्धा देवाकडून उत्तर येईना तेव्हाच मृतांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे गेला होता. १९१७ साली इंग्लंडच्या चर्चनं मृतांसाठी प्रार्थनेचे शब्द दिले. मनाईपेक्षा हे पाऊल मला शहाणपणाचं वाटतं.

पुढे याच चर्चचे आर्चबिशप कॉस्मो लँग यांनी मृतात्म्यांशी बोलण्याच्या या प्रकाराची चौकशी करायला समिती नेमली. १९३९ साली आलेल्या अहवालात बहुमतानं चक्क सहानुभूती दाखवली होती. बिशप मंडळींनी तो कुलूपबंद केला. तो अधिकृतपणे बाहेर आला १९७९ साली.

तोवर ‘द एक्झॉर्सिस्ट’ येऊन सहा वर्षं झाली होती. या १९७३च्या चित्रपटातली मुलगी उइजा बोर्डाशी खेळते आणि पुढे तिच्या अंगात सैतान शिरतो. त्याआधी हा बोर्ड पार्कर ब्रदर्सचा घरगुती खेळ होता. १९६७ साली तो मोनोपॉलीपेक्षाही जास्त खपल्याचं सांगतात. चित्रपटानंतर तो अनेक चर्चच्या काळ्या यादीत पक्का बसला आणि व्यासपीठांवरून पुन्हा गॉडफ्रींचीच भाषा ऐकू येऊ लागली. पोरांना तर तेवढंच हवं असतं. ज्यात खरोखर सैतान आहे असं पाद्रीच सांगतात, तो खेळ कोण सोडील? तेच पाद्री पोरांच्या डोळ्यांना पट्टी बांधून, नकळत बोर्ड उलटा फिरवून त्यांना खेळायला बसवतील, तर अक्षरांची जी खिचडी निघेल तिला घाबरायला कुणी उरणार नाही.