गोरोबाकाकांचें थापटणें

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव फार जुनें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत तें ‘तगर’ या नांवानें येतें. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या मोठ्या नगरांतून गाड्याच्या गाड्या कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. तो व्यापार गेला, माती राहिली. सातवाहनकाळच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ति तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पण मराठी माणसाच्या तोंडीं तेरचें नांव आहे तें एका कुंभारामुळें. गोरोबाकाकांची समाधि तेथेंच आहे. परंपरा तिचें वर्ष शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७, मानते.

संतपरीक्षेची कथा आपणांस ठाऊकच आहे. ज्ञानदेवादि भावंडें व नामदेव गोरोबांच्या घरीं जमले असतां मुक्ताबाईनें थापटण्याकडे बोट दाखवून तें काय म्हणून पुसलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें यानें कळतें, असें उत्तर मिळालें. आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर तें मारून पाहूं लागले. बाकीचे स्वस्थ राहिले. नामदेव रागावले व कच्चे ठरले.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तरी तींतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कथेंतले नामदेव कांहीं नवशिके नव्हते. विठ्ठलाचे ते लाडके भक्त, त्याच्याशीं बोलणारे. उणें होतें तें भक्तीचें नव्हे. जें मुखानें गाइलें, तें अंतरांत अजून भाजून निघालें नव्हतें.

आधीं सिद्ध झालेला विचार छंदांत बसविला कीं कविता होते, असें आपण धरून चालतों. ‘कवीस काय सांगावयाचें आहे?’ हा परीक्षेंतला ठराविक प्रश्न तीच समजूत पोसतो. जणूं कवीस तें अगोदरच ठाऊक होतें! अभंगाची घडण पाहा. मोठ्या अभंगांत सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचें यमक, सारीं मिळून बावीस अक्षरें. पहिल्या चरणांत कांहीं म्हणून जावें, तों यमकासाठीं शोधलेला शब्द त्या म्हणण्याला अनपेक्षित वळण देतो. शेवटच्या चार अक्षरांत पाल्हाळास जागाच नाहीं. तेथें विचार टिकतो, नाहीं तर तडकतो. कुंभार मडकें वाजवून नाद ऐकतो, तसा कवि आपलीच कल्पना शब्दांनीं वाजवून पाहतो.

सकलसंतगाथेंत गोरोबांचे अभंग अवघे वीसएक. त्यांतील कांहीं नामदेवांना उद्देशून आहेत. मुक्याला साखर चाखावयास दिली, तर गोडी त्यानें कशी सांगावी, हा विचार एकांत येतो. जें सांगतां येत नाहीं, तें सांगावयास कवि बसलाच कां? माझें अनुमान असें कीं, तें सांगतां येत नाहीं हें त्याला रचतां रचतांच कळलें असावें. शब्द जेथवर नेतील तेथवर गेल्यावांचून ते कोठें संपतात हें कसें समजणार?

नामदेव पुढें औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, असें परंपरा सांगते. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत आहेत. त्या ग्रंथाचें मूळ संकलन १६०४ सालीं झालें. पंढरीच्या मूर्तीशीं लाडानें भांडणारे नामदेव त्या पदांत चराचरांत भरलेल्या देवाविषयीं बोलतात, आणि मधूनच विठ्ठलाचें नांवहि घेतात.