बार्शी लाइट : वळणाचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माणसांसमोर ‘बार्शी लाइट’चे नाव काढले की पहिल्यांदा हसू येते आणि मग गोष्टी सुरू होतात. चालत्या गाडीतून उतरावे, पाय मोकळे करावेत आणि पुन्हा तीच गाडी पकडावी, ही त्यांतली ठरलेली गोष्ट. ‘खेळण्यातली गाडी’ हा शब्दही ठरलेला. गेली काही वर्षे मी या गाडीची १:८७ प्रमाणातली प्रतिकृती घरातल्या फळीवर उभी करण्याच्या खटपटीत आहे, म्हणजे तिला खरोखरच खेळण्यातली गाडी करतो आहे. त्या खटपटीतच ‘खेळणे’ हा शब्द तिच्यावर अन्याय करणारा आहे, असे माझे मत होत गेले.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या बाजारपेठांना स्वस्त फाटे कसे जोडता येतील, या विचाराने त्याला पछाडले. त्यापायी त्याने नोकरी सोडली. बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ मध्ये लंडनला स्थापन झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचे ‘बार्शी रोड’, ते बार्शी हा सुमारे २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

अडीच फूट हे सगळ्यांना दिसते. कॅल्थ्रॉपची खरी करामत मात्र आसावर पडणाऱ्या भारात होती. रूळ किती जाड हवेत, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर जास्तीत जास्त किती भार येतो, त्यावर ते ठरते. बहुतेक मार्गांवर हा भार इंजिनाचा असतो. म्हणजे एका इंजिनासाठी सगळा मार्ग जड रुळांचा करावा लागतो. कॅल्थ्रॉपने इंजिन, डबा, वाघीण, सगळ्यांना एकच मर्यादा घातली : दर आसाला पाच टन. मग यार्डाला तीस पौंडांचे हलके रूळ पुरले. चार आसांची वाघीण मालासकट वीस टनांपर्यंत जाऊ शकत होती. लीड्सच्या किटसन कंपनीच्या इंजिनांना चार जोडआस आणि मागे दोन आसांची बोगी होती. म्हणजे सहा आसांवर फार तर तीस टन. मार्ग तयार होण्याआधी हा सगळा सरंजाम लीड्सजवळच्या न्यूले इथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून जाणकारांना दाखवला गेला. प्रदर्शनातल्या मॉडेल रेल्वेसारखाच हा प्रकार, फक्त पूर्ण आकाराचा.

आता वळण. अरुंद मार्गाला घट्ट वळण घेता येते, हे सगळे सांगतात. का घेता येते, ते फारसे कोणी सांगत नाही. लांब डबा दोन बोगींवर उभा असतो. वळणावर बोगी रुळाबरोबर वळतात, पण डबा सरळच राहतो, आणि त्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. हे सरकणे दोन बोगींमधल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर निम्मे केले तर सरकणे चौथाईवर येते. म्हणून लहान गाडीचा फायदा नुसता प्रमाणात मिळत नाही, दामदुप्पट मिळतो.

फळीवर हे मोजून पाहता येते. ब्रॉडगेजच्या नेहमीच्या आयसीएफ डब्याच्या बोगींमधले अंतर १४.७८ मीटर, म्हणजे माझ्या प्रमाणात १७० मिलिमीटर. नऊ इंच, म्हणजे २२८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर असा डबा मध्ये जवळजवळ १६ मिलिमीटर आत येईल. रूळच साडेसोळा मिलिमीटरचे! तो डबा चालणार नाही, बाजूचा सिग्नल तेवढा पाडेल. बार्शी लाइटची पंचवीस फुटी वाघीण याच प्रमाणात ८८ मिलिमीटर भरते. तिच्या बोगी अगदी टोकांना आहेत असे धरले तरी ती चार मिलिमीटरच्या आसपासच सरकते. शिवाय ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. भारतीय ब्रॉडगेजची प्रतिकृती करणाऱ्याला एवढे सुख नाही. त्याला हवेत सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ, आणि त्याची गाडी धावते युरोपच्या मापाच्या साडेसोळावर.

नऊ इंचांचे वळण ही निव्वळ फळीची सोय, असे कोणी म्हणेल. ८७ ने गुणले की ते सुमारे वीस मीटर होते. दार्जिलिंगच्या मार्गावरचा अ‍ॅगनी पॉइंट त्याहूनही घट्ट आहे. माथेरानची गाडीही याच जातीची. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेला तो दोन फुटी मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या इंजिनांच्या रचनेतही कॅल्थ्रॉपचा हात होता. तिथे वळणे इतकी घट्ट की जोडआसांची ताठ चौकट अडकून बसली असती. म्हणून आस थोडे वळू शकतील अशी व्यवस्था जर्मनीत घडलेल्या त्या इंजिनांमध्ये केली होती. बार्शीच्या माळरानावर एवढ्या टोकाला जाण्याची गरज नव्हती.

गरज थोडीफार पडली ती पुढे. १९०६ मध्ये मार्ग निजामाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत आला आणि १९११ मध्ये लातूरला पोचला. बार्शीकडून येणाऱ्या गाडीला येडशीपाशी बालाघाटाची कड चढावी लागे. डोंगर कापण्याऐवजी उताराच्या कडेकडेने जाणारा मार्ग कमी पैशांत होतो, आणि अरुंद गाडीला तो झेपतो. कॅल्थ्रॉपचा हिशेब इथे बरोबर उतरला. पण हिशेब कोणाचा, हेही विचारायला हवे. नकाशा समोर ठेवला की दिसते, मार्ग पांगरीवरून थेट येडशीला आणि तिथून ढोकी, मुरूडकडे जातो. कंपनीची नजर लातूरच्या बाजारावर होती. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण उस्मानाबाद, आजचे धाराशिव, येडशीच्या दक्षिणेला पंधरा-वीस किलोमीटरवर बाजूलाच राहिले. जी गाडी कुठेही वळू शकत होती, ती या गावासाठी वळली नाही.

दुसरी किंमत कुर्डुवाडीला मोजावी लागे. दोन मापांचे रूळ जिथे भेटतात तिथे माल एका वाघिणीतून दुसरीत भरावाच लागतो. कॅल्थ्रॉपला हे ठाऊक होते. पुढे इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गावर त्याने मोठ्या मापाची वाघीण जशीच्या तशी वाहून नेणाऱ्या गाड्या वापरल्या. तो मार्ग तीस वर्षांतच, १९३४ मध्ये बंद पडला. पण तिकडच्या हौशी लोकांनी त्याच्या असंख्य प्रतिकृती केल्या. आपल्याकडे पुण्यात भाऊसाहेब जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि ते पाहायला गर्दी होते. मात्र बार्शी लाइट धावली शतकाहून अधिक काळ, मिरजेपर्यंत वाढून दोनशे मैलांची झाली, १९५४ मध्ये सरकारकडे आली, आणि तरीही आपल्यासाठी विनोदाचाच विषय राहिली. याचे मला वाईट वाटते.

२००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि २००८ मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी असा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला. आता गाडी पांगरीहून निघून धाराशिवला येते आणि मग येडशीला जाते. कंपनीने न घेतलेले वळण शंभर वर्षांनी, मोठ्या मापाच्या रुळांवर, घेतले गेले.

माझी फळी चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे. तिच्यावर मी येडशीची चढण करतो आहे. मध्ये टेकडी, तिला वळसा घालणारे रूळ, एक इंजिन आणि सहा वाघिणी. धाराशिव या फळीवर येत नाही. खऱ्या मार्गावरही ते नव्हतेच.