४२.३४ मीटरवरचा आवाज

छंदाला इतिहासात सहसा जागा मिळत नाही. लढाया, तह, गादीवर बसलेले आणि गादीवरून उठवलेले, एवढ्यांनीच त्याची पाने भरून जातात. रिकाम्या वेळी गच्चीवर तारा ताणीत बसणाऱ्या माणसाला तिथे कोण विचारतो? पण १९४२ च्या मुंबईतील एक हकीकत अशी आहे, की तिच्यातून हा तारा ताणणारा माणूस वगळला तर हकीकतच उरत नाही. हा माणूस म्हणजे हौशी बिनतारीवाला. त्याच्या जमातीला जगभर ‘हॅम’ म्हणतात.

रेडिओ ऐकणारे घरोघर असतात, हा बोलणारा. सुटे भाग जमवून तो आपला ध्वनिक्षेपक स्वतः जोडतो, सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतो, आणि मग आकाशात त्याला स्वतंत्र नाव मिळते. ते अक्षरांचे व आकड्यांचे असते. हिंदुस्थानात १९२१ साली कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्त ह्यांनी ‘२ जेके’ ह्या नावाने हा खेळ सुरू केला. दोन वर्षांनी, जून १९२३ मध्ये, मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम प्रक्षेपित केले. व्यवसाय म्हणून प्रक्षेपण करणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी मुंबईत उभी राहिली ती १९२७ च्या जुलैत. म्हणजे आपल्याकडे आधी हौस आली, धंदा मागून आला.

सरकारला ही हौस तोवर खुपली नव्हती. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि हौशी लोकांचे परवाने रद्द झाले. खुद्द विलायतेतही तेच झाले, तेव्हा ह्यात केवळ परक्या राज्याचा दुष्टावा होता असे म्हणता येणार नाही. लढाईच्या दिवसांत जो दूरवर बोलू शकतो तो शत्रूशीही बोलू शकतो, हा राज्यकर्त्यांचा साधा हिशेब. पण यंत्र काढून घेता आले तरी यंत्र जोडण्याची विद्या काढून घेता येत नाही. ती हातात आणि डोक्यात असते.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी गजाआड गेले. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप पडले. देशात काय चालले आहे हे लोकांना कळेना. तेव्हा उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मनात आले, की आपला रेडिओ असावा. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर हे तिचे सोबती. पैशाची जुळवाजुळव बाबूभाईंनी केली. शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने ह्यांनी सामग्री पुरवली. भूमिगत असलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी ह्या प्रयत्नाला दिशा दिली. मात्र बोलायला यंत्र हवे, आणि यंत्र बनवणारा हवा. तो नरिमन प्रिंटर ह्या पारशी गृहस्थांच्या रूपाने मिळाला. पूर्वी परवाना असलेले हे हौशी बिनतारीवाले. त्यांनी ध्वनिक्षेपक उभा केला, आणि २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. ‘हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून’ आपण बोलत आहोत, एवढाच पत्ता तो देई.

ह्या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ४२.३४ मीटरची लहर म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार आंदोलने. ही जागा हौशी लोकांच्या ‘४० मीटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातच पडते. हॅम मंडळींच्या ती अंगवळणी पडलेली. तिला अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे सुमारे सत्तर फुटांची तार पुरते. कपडे वाळत घालण्याच्या दोरीत ती खपून जावी. तारेतून निघालेली लहर वर जाते, वातावरणाच्या विद्युद्भारित थरावर आपटून परतते आणि शेकडो मैलांवर उतरते. गिरगावात उच्चारलेला शब्द परप्रांतात ऐकू जातो तो असा.

पण लहर दूर जाते तशी जवळच्या रस्त्यावरही पसरते. चक्राकार एरियल फिरवून आवाज कोणत्या दिशेने येतो हे काढता येते. दोन ठिकाणांहून अशा दोन रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे चोर सापडतो! म्हणून बिऱ्हाड सारखे हलवावे लागे. चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीपासून लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भुवन, गिरगावची पारेखवाडी, वाळकेश्वरचा रतन महाल, असा हा प्रवास झाला. मध्येच सरकारी रेडिओ खरखर मिसळून आवाज बुडवू पाही. मंडळींनी त्या ‘ऑल इंडिया रेडिओ’चे ‘अँटी इंडिया रेडिओ’ असे बारसे करून टाकले होते.

ह्या रेडिओने काय दिले? वर्ध्याजवळचे आष्टी आणि चांद्याकडचे चिमूर इथे १६ ऑगस्टला उठाव झाला, आणि त्यानंतर चिमुरात लष्कराने व पोलिसांनी जे अत्याचार केले ते छापण्याची सोय नव्हती. चितगावचे बाँबहल्ले, जमशेदपूरचा संप, बलियातले लोकांचे राज्य, ह्यांचेही तेच. ह्या वार्ता लोकांनी काँग्रेस रेडिओवरून ऐकल्या. आपण एकटे उठलेलो नाही, एवढे कळले तरी गावाला बळ येते.

१२ नोव्हेंबर १९४२ ला हे संपले. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनी ठिकाण दाखवले. महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या पॅरडाइज बंगल्यात पोलीस शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती. ती बंद करण्याचा हुकूम उषाबाईंनी मानला नाही. पुढे कित्येक महिने चौकशी झाली. परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखवले गेले. त्या बोलल्या नाहीत. १९४३ मध्ये खटल्याचा निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबाईंना चार, चंद्रकांतना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास व मोटवाने सुटले.

आता प्रिंटर ह्यांचे काय करायचे? आम्ही शाळामास्तर हा भाग शिकवताना त्यांना गाळून जातो, किंवा फार तर ‘एका तंत्रज्ञाने दगा दिला’ असे वाक्य टाकून पुढे सरकतो. मला हे न्यायाचे वाटत नाही. दगा खरा, त्याची किंमत दुसऱ्यांनी तुरुंगात मोजली. पण आष्टी-चिमूरची वार्ता ज्या यंत्रावरून गेली ते यंत्रही त्याच हातांनी जोडलेले होते. जीभ डगमगली म्हणून हातांचे काम पुसून टाकता येत नाही, आणि हातांच्या कामासाठी जिभेचा गुन्हा माफही करता येत नाही. दोन्ही एकाच पानावर लिहिण्याचे धैर्य इतिहास लिहिणाऱ्याने दाखवावे. असे केले तर उषाबाईंचे मौन उलट अधिकच मोठे दिसते. कारण बोलून सुटण्याची वाट समोर उघडी होती, हे मग वाचकाला नीट कळते.

उषाबाई १९४६ साली सुटल्या, पुढे प्राध्यापक झाल्या. २००० च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. हौशी मंडळींनी १९४८ च्या मे महिन्यात महू येथे आपला क्लब स्थापला. आज ही हौस गुन्हा नाही. २००१ च्या भूकंपात भुजला, २००४ च्या डिसेंबरातील समुद्रलाटेनंतर अंदमानात, टेलिफोन मुके झाले तेव्हा ह्याच लोकांनी निरोप पोचवले. परीक्षा, परवाना, अक्षरे-आकड्यांचे नाव, सारे पूर्वीसारखेच आहे. राजकीय प्रचाराला परवान्यात आजही मुभा नाही. ते योग्यच आहे. मात्र एकदा, देशाच्या तोंडावर हात ठेवला गेला होता तेव्हा, ह्या हौशीच्या विद्येने देशाला अडीच महिने आवाज दिला होता, हे विसरू नये.