टीपॉयवर कपाचा पांढरा डाग पडलाय? घासण्याआधी पॉलिश कोणतं आहे ते बघा

गरम चहाचा कप थेट टीपॉयवर ठेवला, उचलला आणि खाली पांढरं वर्तुळ उमटलं. मग कुणी टूथपेस्ट घासायला सांगतं, कुणी लिंबू, तर कुणी सॅनिटायझर. यातला सॅनिटायझरचा सल्ला सगळ्यात महागात पडू शकतो. का, ते समजायला लाकडावरच्या थराची ओळख हवी.

जुन्या सागवानी कपाटांवर, पलंगांवर बहुतेकदा लाखेचं पॉलिश असतं, म्हणजे आपलं स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणारा लाखेचा किडा जी राळ सोडतो, ती शुद्ध करून चपडा बनतो. देशात लाखेच्या उत्पादनात झारखंड आघाडीवर आहे. हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने थरावर थर चढवतात. स्पिरिट उडून जातं, लाख उरते.

आता गंमत बघा, जे स्पिरिटमध्ये विरघळून चढलं, ते स्पिरिटनेच निघतं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच असतं. परफ्युममध्येही असतं, म्हणून जुन्या ड्रेसिंग टेबलावर बाटलीखाली चिकट डाग दिसतात. लाखेला उष्णताही फार सोसत नाही.

ओळखायचं कसं? फर्निचरच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. मिनिटभरात तो भाग चिकट झाला, तर लाख. काहीच झालं नाही, तर बहुधा पीयू किंवा मेलामाईन. हे थर कडक असतात, पाणी आणि उष्णता जास्त सोसतात. पण खरवडले गेले तर तेवढाच भाग दुरुस्त करणं अवघड. लाखेचं उलट आहे. ती लवकर खराब होते, पण नवा थर जुन्यात मिसळून जातो.

आता डागाकडे. पांढरा डाग म्हणजे वरच्या थरात अडकलेला ओलावा, खालचं लाकूड सहसा ठीक असतं. दोन-चार दिवस कोरडं राहू द्या, काही डाग आपोआप फिके होतात. नाहीतर हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून लांबून फिरवा. काळा डाग मात्र वेगळा. तिथे पाणी लाकडापर्यंत पोहोचलेलं असतं, आणि लोखंडी भांडं किंवा कुंडीचा स्टँड असेल तर लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो रंग बनतो. तो वरून पुसून जात नाही, पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. 'सागवानी' म्हणून घेतलेलं फर्निचर अनेकदा प्लायवर व्हिनियर लावलेलं असतं. हा सागाचा पापुद्रा सहसा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, त्यामुळे घरच्या घरी पॉलिश पेपर मारायच्या फंदात पडू नका.

रोजच्यासाठी मऊ सुती कापड पुरे, रेषांच्या दिशेने पुसायचं. ओलं पुसलं तर लगेच कोरडं करा. झटपट चमक देणाऱ्या सिलिकॉनच्या स्प्रेपासून जरा लांबच राहा. पुढे पुन्हा पॉलिश करताना त्या जागी नवा थर नीट बसत नाही, बारीक खड्डे पडतात.

आणि पावसाळ्यात ड्रॉवर अडकला म्हणून लगेच सुताराकडून रंधा मारून घेऊ नका. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, हवा कोरडी झाली की आक्रसतं. जुलैत तासलेला ड्रॉवर जानेवारीत सैल झालेला असतो.