सहा टिंबांची लिपी

पॅरिसमध्ये १७८५ च्या सुमारास व्हालांतँ आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तेथील पुस्तके छापण्याची रीत अशी: मोठाले खिळे ओल्या जाड कागदावर दाबायचे, म्हणजे अक्षर उठून येई. मुले त्यावरून बोट फिरवून वाचीत. अंध मुलाला वाचता येते हेच त्या काळी नवल होते, आणि आउईंचे ते श्रेय कुणी नाकारू नये. पण ही अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली. रोमन ‘ओ’ आणि ‘क्यू’ डोळ्याला क्षणात वेगळे दिसतात. बोटाला मात्र सगळी वळणे चाचपावी लागतात. पुस्तके अवजड होत. शिवाय स्वतः लिहिलेले स्वतः वाचण्याची सोय जवळजवळ नव्हतीच.

या शाळेत १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. दोन वर्षांनी शार्ल बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची उठावदार टिंबांची पद्धत शाळेत आली. बार्बिएने फ्रेंच भाषेतील ३६ ध्वनी सहा ओळी आणि सहा रकान्यांच्या तक्त्यात मांडले होते. डाव्या उभ्या रांगेत जितकी टिंबे, तितकी तक्त्यातील ओळ; उजव्या रांगेतील टिंबांवरून रकाना. कल्पना हुशारीची होती, पण खर्चिक. एका ध्वनीला बारापर्यंत टिंबे लागत, ती बोटाखाली एकदम मावत नसत, आणि वाचणाऱ्याला ती मोजावी लागत. शब्दांचे लेखनही त्यातून शिकता येत नसे.

ब्रेलने १८२४ च्या सुमारास, म्हणजे पंधराव्या वर्षी, ही बारा टिंबे सहावर आणली: दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. आता वर्गातले गणित पाहा. प्रत्येक जागी टिंब असेल किंवा नसेल, म्हणून २ चा सहावा घात, ६४. कोरी जागा वगळली तर ६३ खुणा. निम्म्या टिंबांत ३६ ऐवजी ६३! अक्षरे, विरामचिन्हे, अंक, संगीताची स्वरलिपी, सारे त्यात बसले. आणि गणिताहून महत्त्वाचे म्हणजे सहा टिंबे बोटाच्या पेराखाली एकाच स्पर्शात मावतात. मोजायचे नाही, आकृती ओळखायची. पहिली दहा अक्षरे वरच्या चार टिंबांत. पुढच्या दहांत तीच अक्षरे, फक्त खालचे डावे टिंब जास्त. १८२९ च्या पहिल्या पुस्तकात टिंबांबरोबर आडव्या रेघाही होत्या. १८३७ च्या आवृत्तीत त्या गेल्या. लिहायला खिडक्यांची पट्टी आणि टोचणी पुरे. उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून वाचायचे. मूल आता स्वतःचे टिपण काढू शकत होते.

शाळेने मात्र ही लिपी लगेच उचलली नाही. १८४० नंतर नव्या संचालकाने तिच्यावर बंदीच घातली. डोळसांना न वाचता येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. पण अंध मुलांना काय सोयीचे वाटते, हे विचारायचे राहून गेले होते. मुले चोरून टिंबे टोचीतच राहिली. ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी वारला. फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये.

भारतात निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत होत्या. त्यांच्या जागी १९५१ मध्ये भारती ब्रेल आली आणि मराठीही तिच्यातच लिहिली जाऊ लागली. तिचा ‘क’ म्हणजे रोमन ‘के’चीच टिंबे, ‘म’ म्हणजे ‘एम’ची. आपल्या छापील ‘कि’मध्ये वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो; पहिलीतली किती मुले तिथे अडखळतात, हे शिक्षकांना सांगायला नको. भारती ब्रेलमध्ये आधी ‘क’ येतो, मग ‘इ’.